डावीकडची यादी

मंगळवार, १३ जानेवारी २०२६

काय घडलं ते क्रमाने. ऑफिसात काही बिघडलं की आम्ही असंच लिहितो. कुणाला दोष द्यायचा नाही, विशेषणं वापरायची नाहीत.

१. नोव्हेंबर २०२४. पप्पा म्हणाले, एडिटरमधली अक्षरं पुसट दिसतात. एडिटर म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, आमच्याच कंपनीचं. पप्पा त्यात त्यांचं पुस्तक लिहितात. थीम, म्हणजे पडद्यावरच्या रंगांचा संच, मी त्यांच्यासाठी बनवलेली. ती आमच्या 'सांज' या थीमवरून घेतली आहे. तिच्यात जो रंग सांगितलेला नाही तो 'सांज'कडून येतो. त्याच आठवड्यात आम्ही 'सांज'चा करडा बदलला होता. म्हणजे कारण सापडलं. मी अक्षरांचा रंग पप्पांच्या थीममध्ये पक्का केला. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक, ४.६ होता, ७.२ झाला. पप्पा म्हणाले, "आता बरं."

२. एप्रिल २०२५. डावीकडची प्रकरणांची यादी दिसत नाही, म्हणाले. यादीचा रंग 'सांज'लाही माहीत नव्हता, तो तिच्या वरच्या थीममधून येत होता. तिथे चूक होती. दुरुस्त केली. "आता बरं."

३. ऑगस्ट २०२५. ओळीची सुरुवात सापडत नाही, कर्सर हरवतो. कर्सरला कुठेच रंग दिलेला नव्हता. एडिटर अंदाजाने काढत होता. मी पिवळा दिला. कॉन्ट्रास्ट १५. "बरं."

४. परवा रविवारी, मंडई. सकाळी साडेदहाला पप्पांचा पाय एका बाईच्या लिंबांच्या टोपलीत गेला. टोपली त्यांच्या डाव्या हाताला होती. ऊन होतं.

५. काल, डोळ्यांचा दवाखाना. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डाव्यात मधला थोडा भाग उरला आहे. उजवा नाकाच्या बाजूने जातो आहे. गेलेलं परत येत नाही.

६. तिन्ही वेळा मला खरीखुरी चूक सापडली होती. तिन्ही वेळा मी ती नीट दुरुस्त केली.

बुधवार, १४ जानेवारी

तेजस शेजारच्या टेबलावर बसतो. तिळगूळ घेऊन आला. "आज तरी गोड बोल. वर्षातून एकदा चालतं." मी थँक्यू म्हणाले. तो म्हणाला, "पुरे, शुगर वाढेल."

काम: थीमने दुसऱ्या थीमकडून रंग कसे घ्यावेत, याची नवी रचना. शुक्रवारी, २३ला, सुनीतीपुढे मांडायची. ती टीम लीड आहे. प्रश्न सांगायला सोपा. एका थीमला सव्वाशे रंग लागतात. बनवणारा माणूस दहा-बारा सांगतो आणि कंटाळतो. बाकीचे कुणाला विचारायचे? पॅरेंट थीमला, म्हणजे जिच्यावरून ही घेतली तिला. तिला माहीत नसेल तर तिच्या पॅरेंटला. असं शेवटपर्यंत. शेवटीही कुणाला माहीत नसेल तर? आत्तापर्यंत एडिटर आजूबाजूचे रंग बघून काहीतरी जुळवायचा. कुणाला कळायचंही नाही की इथे खरं तर काहीच सांगितलेलं नाही.

घरी ड्रॉप्स. एका बाटलीचे सकाळ-संध्याकाळ, दुसऱ्या बाटलीचे झोपताना. गजर लावले. पप्पा डोळे न मिटता थेंब घेतात, अगदी सरावाचा हात असल्यासारखे. मी तसं म्हणाले. "वयाप्रमाणे येतं सगळं," म्हणाले.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज बसमधून येताना कळलं. वाघोलीच्या चौकात गाडी वीस मिनिटं उभी होती.

रंगाचा दोष सगळीकडे सारखा असतो. करडा चुकला तर पडद्याच्या वरही चुकतो, खालीही, उजवीकडेही. पहिली सोडली तर पप्पांची तक्रार तशी कधीच नव्हती. डावीकडची यादी. ओळीची सुरुवात. सुरुवात डावीकडेच असते. दुसऱ्या वेळेपासून ते मला रंग सांगतच नव्हते, जागा सांगत होते. मी मात्र रंग मोजत बसले.

कॉन्ट्रास्ट जास्तीत जास्त २१ असतो. काळ्यावर पांढरं. मी पप्पांना ४.६ वरून १५ पर्यंत नेलं आणि दर वेळी मला बरं वाटलं.

आई असती तर पहिल्याच दिवशी रिक्षा बोलावली असती. आईला थीममधलं काही कळत नव्हतं.

शनिवार, १७ जानेवारी

पप्पांनी तपासायच्या प्रुफांचं छापखान्यातून आलेलं पाकीट आठ दिवस टेबलावर आहे. उघडलेलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

पप्पांच्या पुस्तकाबद्दल इथे कधी लिहिलं नाही. पेठेतल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफरीडर होते. निवृत्त झाले तरी महिन्याला एक-दोन पाकिटं घरी येतात. मालक म्हणतो, दशरथरावांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढवत नाही. पुस्तकाचं नाव 'सुटलेल्या चुका'. त्यांच्या नजरेखालून जाऊनही छापल्या गेल्या त्या. क्रमांक, साल, काय चूक, कशी सुटली, कुणाच्या नजरेतून. शेवटच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द: माझ्या.

आज मी म्हणाले, वाचून दाखवा. म्हणाले, "तू वाच, मी ऐकतो. छापखान्यात तसंच असायचं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा." मग, "माझं आता नुसतं ऐकण्याचं काम."

वाचलं. क्र. १७, १९९४: लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून वारलेल्या आजोबांचं नाव. पत्रिका वाटून झाल्या. घरचे म्हणाले, राहू द्या, आलेच असते ते. क्र. २९, २००१: एका गाईडमध्ये चौसष्टाव्या पानानंतर पुन्हा एकोणपन्नासावं. "ते बाइंडरचं होतं ना?" मी विचारलं.

"बाइंडरचं होतं. पण बांधलेली पहिली प्रत माझ्या टेबलावर आली होती. मी उघडली, वास घेतला आणि ठेवून दिली."

क्र. ६२ पर्यंत झालंय. शेवटची थोडी पानं राहिली आहेत, म्हणाले.

मंगळवार, २० जानेवारी

नजरेच्या परिघाची तपासणी. अंधाऱ्या खोलीत पप्पांनी एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवलं. आत कुठेही ठिपका चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर. यंत्राचा बारीक आवाज येत राहतो, ठिपका लागला की कळतं. मग बटणाची टिक. मी मोजायला लागले, नको होतं मोजायला. आवाज, टिक. आवाज, टिक. आवाज. आवाज. आवाज. आवाज. टिक.

मध्येच पप्पा म्हणाले, "मॅडम, बल्ब लावायचे राहिलेत का?"

तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, बोलू नका, हलतं."

"मग रीडिंगला तेवढंच कारण मिळेल."

कागद आला. दोन गोल. काळा भाग म्हणजे गेलेला. मी डॉक्टरांना विचारलं, यांना तिथे काळं दिसतं का? म्हणाले, नाही. तिथे काहीच दिसत नाही आणि काही दिसत नाही हेही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून काढतो. म्हणून तर पेशंट उशिरा येतात.

मी कागदाची घडी घातली. मग पुन्हा उलगडून फाईलमध्ये सरळ ठेवला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सुचवलंय. दिसणं सुधारणार नाही. आहे ते राहील, अशी शक्यता. नंतर निदान महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला ताण नाही. धोका किती, तोही सांगितला, आकड्यात. मी आकडा लिहून घेतला. शुक्रवार, ६ फेब्रुवारी रिकामा आहे. आदल्या दिवशीपर्यंत पक्कं करा. डॉक्टर मलाही म्हणाले, तुमचे डोळे एकदा तपासून घ्या, घरात असतं हे.

पप्पा रिक्षात म्हणाले, "आधी पुस्तक."

गुरुवार, २२ जानेवारी

रचना लिहून झाली. तीन नियम. थीममध्ये रंग असेल तर तो. नसेल तर वरच्या थीमला विचारा. कुणालाच माहीत नसेल तर भडक जांभळा दाखवा, म्हणजे इथे काही सांगितलेलं नाही हे कुणालाही दिसेल. अंदाज बंद.

सोबत एक सोय: कुठल्याही अक्षरावर क्लिक केलं की हा रंग कुठून आला ते क्रमाने दिसेल. ही मी ऑगस्टमध्ये पप्पांच्या तक्रारीसाठी बनवली होती. चांगली चालते.

शुक्रवार, २३ जानेवारी

मीटिंग. चाळीस मिनिटं. रचना मान्य झाली. जांभळ्यावरून थोडी कुरकुर. तेजस म्हणाला, "लोक घाबरतील." मी म्हणाले, घाबरू देत.

शेवटी सुनीतीने विचारलं, "समजा साखळी बरोबर आहे. प्रत्येक रंग जिथून यायला हवा तिथूनच आलाय. कॉन्ट्रास्ट चांगला आहे. तरी युजर म्हणतो, दिसत नाही. मग?"

तेजस म्हणाला, "मग त्याला म्हणायचं, काका, चष्मा बदला."

सगळे हसले. चांगला विनोद होता. वेळेवर केला असता तर फार उपयोगी पडला असता.

सुनीती माझ्याकडे बघत होती, कारण रचना माझी. मी म्हणाले, "मग रंगाकडे बघणं थांबवायचं. माणसाच्या शेजारी बसून तो कुठे बघतोय ते बघायचं." तिने ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "घरी सगळं ठीक ना गं?"

"हो."

रविवार, २५ जानेवारी

डावीकडची यादी काढून टाकली. लिखाणाचा मजकूर पडद्याच्या मध्ये आणला, एका ओळीत जेमतेम सहा-सात शब्द, दोन्ही बाजूंना मोकळं. रंग पुन्हा 'सांज'चेच ठेवले. माझे सगळे पक्के केलेले रंग पुसले, एकेक करून. त्यांची गरज कधीच नव्हती.

पप्पांना बसवलं. सुरुवातीला मान हलवून ओळ शोधायची त्यांची सवय गेली नव्हती. मग मान थांबली. पाऊण तास सलग टाइप केलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले होते, नेहमीसारखी. या वेळी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत.

म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?"

त्यांना टोचायचं नव्हतं. नुसतं विचारलं. मी चहा ठेवायला उठले.

मंगळवार, २७ जानेवारी

भांडण. आमच्याकडे आवाज चढत नाहीत, त्यामुळे लांबतं.

मी म्हणाले, ६ तारीख पक्की करते. म्हणाले, पुस्तक झाल्यावर. मी विचारलं, पुस्तक कधी होणार? म्हणाले, "झाल्यावर." मी आकडे सांगितले: गेल्या वेळचं डोळ्यांचं प्रेशर, आत्ताचं, थांबलं तर काय. ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. मी तुझे आकडे कधी चूक म्हणालो?"

"मग?"

"ऑपरेशन बिघडलं तर उरलेलं पण जाईल. मग हे कोण पुरं करणार? तू? तुला माझ्या चुका माहीत तरी आहेत का?"

मला राग आला. मग जे करायचं नाही असं ठरवलं होतं ते केलं. ही वही आणली. ही मी कुणाला दाखवत नाही. पहिल्या दिवशीचे सहा मुद्दे उभ्यानेच वाचले. नोव्हेंबर, एप्रिल, ऑगस्ट. सहावाही.

पप्पांनी डोळे मिटून ऐकलं, प्रूफ ऐकतात तसं. मग म्हणाले, "'खरीखुरी' काढ. चूक म्हणजे चूक. विशेषण नको म्हणालीस ना वर?"

एवढंच. 'तुझा दोष नाही' म्हणाले नाहीत. 'आहे' असंही नाही. त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं वही मागतायत. माझं मनगट होतं ते, धरलं आणि सोडलं. थेंबांचा गजर वाजला.

आता वर जाऊन 'खरीखुरी' खोडणार होते. राहू दिली. माझ्या वहीत माझी चूक.

गुरुवार, २९ जानेवारी

माझ्या डोळ्यांचं प्रेशर १५ आणि १६. ठीक आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी

दवाखान्यातून फोन. ६ तारखेचं काय? म्हणाले, यादीत दुसरा पेशंट थांबलाय. मी गुरुवारपर्यंत वेळ मागितला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होते. तेजस वरून उतरत होता. थांबला. विनोद केला नाही. "काही लागलं तर सांग," म्हणाला आणि गेला. कुणाला काही सांगितलेलं नाही मी. चेहऱ्यावर दिसत असेल. कॉन्ट्रास्ट.

घरी आले तर पप्पा टाइप करत होते. मला बघून थांबले. म्हणजे बघून नाही, दाराचा आवाज ऐकून. मी त्यांच्या डाव्या बाजूने आत आले होते. आता लक्षात ठेवायला हवं: उजवीकडून यायचं.

शनिवार, ३१ जानेवारी

सकाळी पप्पांनी बुद्धवंदना केली आणि बसले. जेवायला उठले तेवढेच. मला जवळ येऊ दिलं नाही. दुपारी चारला कुणाशी तरी फोनवर हळू बोलले, बाल्कनीचं दार लावून. प्रुफांचं पाकीट मालकाच्या माणसाला परत दिलं, न उघडता. त्याला म्हणाले, "साहेबांना सांग, आता दुसरा बघा. नजर गेली." इतक्या सरळ की तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं.

एकतीस वर्षं, आणि त्यावर निवृत्तीनंतरची नऊ. दाराशी उभं राहून, एका वाक्यात.

रात्री जेवताना म्हणाले, "उद्या शेवटचं पान वाच. एकटीने. मोठ्याने नको."

रविवार, १ फेब्रुवारी

पप्पा कठडा धरून खाली गेले आहेत. मी शेवटचं पान उघडलं. जसं आहे तसं उतरवते:

"चूक क्र. ६३. साल: २०२३ ते २०२६.

काय चूक: मार्च २०२३ मध्ये चष्म्याच्या दुकानात सांगितलं, डोळ्याचं प्रेशर जास्त आहे, डॉक्टर गाठा. गाठले. काचबिंदू म्हणाले, थेंब दिले. तीन महिने घातले. दिसण्यात फरक पडेना, म्हणून बंद केले. घरी सांगितलं नाही.

कशी सुटली: नजर गेली असं कळलं तर प्रुफं यायची थांबतील, ही भीती. पुढे मुलगी दर वेळी शेजारी बसायची, काहीतरी शोधून काढायची, दुरुस्त करायची. तिला इतकी खात्री असायची की दोष रंगाचाच असावा असं मलाही वाटायचं. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

कुणाच्या नजरेतून: माझ्या. तिच्या नव्हे.

निकितास: ६३ ठेवायची की गाळायची, ते गुरुवारी, ५ तारखेला संध्याकाळपर्यंत कळव. शुक्रवारी सकाळी सातला मला दवाखान्यात हजर व्हायचंय. काल फोन करून पक्कं केलं आहे. त्याआधी पुस्तक बंद करायचं आहे."